भिंत जाड होते तेव्हा

ऑगस्ट सरता सरता पूर्णेच्या खोऱ्यातली पऱ्हाटी एकाच वेळी सगळ्या वयांची असते. शेंड्याकडे तीन दातेरी पानांच्या आवरणात झाकलेली पाती, त्याखाली आज सकाळी उमललेलं पिवळसर फूल, त्याच्याही खाली कालचं गुलाबी पडून मिटलेलं, आणि बुडाकडे लिंबाएवढी हिरवी बोंडं. अकोटपासून दर्यापूरपर्यंत कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, हे दिसतंच. दिसत नाही ते एवढंच, की त्याच दिवशी पात्यात पराग घडत असतो आणि बोंडात धाग्याची भिंत जाड होत असते. एका कामाचा संबंध बियाण्याशी, दुसऱ्याचा जिनिंगशी. शेतकरी या दोन्हींचा विचार वेगवेगळ्या महिन्यांत करतो आणि बराच काळ शास्त्रज्ञही ते वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांत शिकवत आले. गेल्या तीसेक वर्षांत जनुकांची ओळख पटत गेली, तेव्हा लक्षात आलं की या दोन्ही कामांवरचे मुकादम एकाच गोतातले आहेत.

आधी धागा पाहू. रुईचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरच्या साधारण दर चार पेशींमागे एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास फुगते, वर उठते आणि लांब होऊ लागते. एका सरकीवर असे पंधरा हजारांच्या आसपास तंतू असतात. अमेरिकन कापसात ही पेशी तीनेक आठवड्यांत २८ ते ३० मिलीमीटर लांब होते, आणि तिची रुंदी मात्र एका मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही नसते. वनस्पतिसृष्टीत इतकी लांबुडकी पेशी क्वचितच सापडते.

ही पेशी आईच्या अंगाची. बीजांडाचं आवरण मातृझाडाच्या ऊतींचं बनलेलं असतं, त्यामुळे फुलावर कुठल्या वाणाचा पराग पडला यावर त्या बोंडातल्या रुईची लांबी-जाडी ठरत नाही. बापाचे गुण दिसतात ते ती सरकी पुढच्या वर्षी पेरल्यावर. पण म्हणून परागावाचून भागत नाही. फलन झालं नाही तर तंतू उगवतात, थोडे वाढतात आणि तिथेच थांबतात. जिनमध्ये रुईत जे बारीक, अर्धवट केसाळ तुकडे सापडतात, त्यांतले बरेचसे म्हणजे अशी वांझ राहिलेली किंवा वाढ खुंटलेली बीजांडंच असतात. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात बीसली आणि टिंग यांनी फलन न झालेली बीजांडं पोषक द्रावावर तरंगत ठेवली आणि त्यात ऑक्सिन व जिबरेलिन ही संप्रेरकं घातली. बीजांडांवर धागे आले. म्हणजे परागकण धाग्याला आपला गुण देत नाही, पण वाढीचा हुकूम ज्या संप्रेरकांमधून निघतो, ती फलनामुळे सुटतात.

लांब होण्याच्या दिवसांत पेशीची भिंत पातळ ठेवावीच लागते. आत पाणी आणि साखरेचा दाब असतो, तो भिंतीला ताणतो. भिंत जाड असती तर ताणली गेली नसती. फूल उमलल्यापासून सोळा ते वीस दिवसांच्या दरम्यान कधीतरी पेशी धोरण बदलते. लांबी हळूहळू थांबते आणि भिंतीच्या आतल्या बाजूने सेल्युलोज चढायला लागतो. कणगी आतून लिंपावी, तसा थरावर थर. ही दुय्यम भिंत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची असते, लाकडात असतं ते लिग्निन तिच्यात भरत नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांपर्यंत हे लिंपण चालतं. मग पेशी मरते, बोंड उलतं, आतलं पाणी उडून जातं, पोकळ नळी चपटते आणि स्वतःभोवती पीळ घेते. सूतकताईत तंतू एकमेकांना धरून राहतात ते याच पिळामुळे. पीळ कुठे उजवा आणि कुठे डावा पडणार, हेही भिंतीत सेल्युलोजचे धागे कुठल्या तिरकेपणाने बसवले गेले त्यावर ठरलेलं असतं.

सेल्युलोज हा पृथ्वीवरचा सर्वांत मुबलक जैविक पदार्थ, तरी वनस्पती तो कुठल्या जनुकाच्या जोरावर बनवतात हे १९९६ पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. सेल्युलोज विणणाऱ्या एका जिवाणूचं जनुक आधी सापडलं होतं, पण वनस्पतींत त्याच्यासारखं काही हाती येत नव्हतं. शेवटी डेबोरा डेल्मर यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीतल्या संशोधकांबरोबर कापसाच्या तंतूकडे मोर्चा वळवला. कारण साधं होतं. एका बोंडातले तंतू जवळजवळ एकाच दिवशी जाड व्हायला लागतात, आणि त्या दिवसांत पेशी दुसरं फारसं काही करत नाही. त्या ठरावीक दिवसांतल्या तंतूंमध्ये कुठली जनुकं जागी आहेत हे त्यांनी तपासलं, आणि जिवाणूच्या जनुकाशी मिळतीजुळती दोन जनुकं सापडली. झाडाझुडपांची, गवताची, लाकडाची भिंत कोण बांधतं याचा पहिला धागा, शब्दशः, कापसातून निघाला.

पुढे कळलं की या कुळात अनेक जनुकं आहेत आणि त्यांची कामं वाटलेली आहेत. लांब होणाऱ्या पेशीच्या पातळ भिंतीसाठी एक तिकडी, जाड भिंतीसाठी दुसरी. दुसऱ्या तिकडीला सीईएसए-४, ७ आणि ८ असे नीरस क्रमांक मिळाले. तिघांची प्रथिनं मिळून पेशीच्या पडद्यात सहा पाकळ्यांची एक रचना होते आणि तिच्यातून सेल्युलोजच्या साखळ्या एकत्र विणल्या जातात. अरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात. त्यात तिघांपैकी एक जनुक जरी बिघडवलं, तर खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या आतल्या ताणाने चपट्या होतात. भिंतीला जोर नाही, तर नळी उभीच राहत नाही.

कच्चा माल म्हणजे साखर. पानात तयार झालेली साखर बोंडापर्यंत येते, सुक्रोज सिंथेज नावाचं विकर तिचे दोन भाग करतं आणि त्यातलं ग्लुकोज थेट विणणाऱ्या प्रथिनांच्या हातात देतं. म्हणून जनुक उत्तम असूनही पान निकामी झालं तर भिंत पातळ राहते. लाल्या पडलेल्या वावरातल्या कापसाचा अनुभव वऱ्हाडात सगळ्यांनाच आहे. बोंडं लागलेली असतात, पण पानं लाल पडून वेळेआधी गळतात, बोंडं लहान राहतात आणि वेचलेला कापूस वजनाला भरत नाही. रात्रीच्या थंडीचाही परिणाम होतो. तापमान घसरलं की सेल्युलोज बनण्याचा वेग मंदावतो. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आडवा कापून पाहिला, तर दिवस-रात्रीच्या फरकाने पडलेले थर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे मोजता येतात. ऑक्टोबरनंतर लागलेली बोंडं, आणि त्यानंतर फरदडीचा कापूस, यांच्या भिंतीला उबदार रात्रीच कमी मिळतात.

जिनिंगमध्ये आणि गिरणीत या भिंतीची किंमत मायक्रोनेअर नावाच्या आकड्यात होते. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात आणि ती किती सहज जाते ते पाहतात. पातळ भिंतीचे तंतू असले तर तेवढ्याच वजनात तंतूंची संख्या जास्त, पृष्ठभाग जास्त, हवा अडते आणि आकडा खाली येतो. ३.५ ते ४.९ हा पट्टा व्यापारात साधारण चांगला समजतात. त्याखाली गेलं की सूत काढताना गाठी पडतात आणि कापड रंगवल्यावर पांढुरके ठिपके उरतात. रंग धरायला भिंतच नसते. पण या आकड्यात एक लबाडी आहे. मुळात बारीक पण पूर्ण पिकलेला तंतू आणि जाड जातीचा पण कच्चा राहिलेला तंतू, दोघांचाही आकडा कमीच येतो. वाण चांगला की पीक उपाशी, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. खरेदी केंद्रावर तर एवढीही चर्चा होत नाही, हात घालून ओलावा पाहतात आणि भाव सांगतात.

देशी कापूस या बाबतीत दुसऱ्या टोकाला. धागा आखूड, भिंत जाड, मायक्रोनेअर पाच-सहाच्याही पुढे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड आणि हिंगणघाटकडचा बारीक, लांब धाग्याचा बनी कापूस इंग्रज व्यापाऱ्यांच्या आवडीचा होता. पुढे शेतकऱ्यांनी जाडी, रोझियम असे आखूड धाग्याचे कापूस पेरायला घेतले, कारण ते जास्त आणि भरवशाने पिकत आणि क्विंटलमागे रुईही जास्त देत. त्यावर इंग्रज अधिकारी नाराज झाले आणि कापसाची प्रत घसरल्याची ओरड झाली. मला त्यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो पेरतो, आणि मिश्र कापसात बारीक धाग्याचा वेगळा भाव त्याला कुणी दिला नव्हता. आजही खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी खारट आणि जमीन चोपण, तिथे देशी कापसाला बळ आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए मालिकेतले देशी वाण काढले ते याच जमिनी डोळ्यांपुढे ठेवून.

आता मुकादमांकडे. सेल्युलोज विणणारी जनुकं आपणहून जागी होत नाहीत. त्यांच्या वर नियंत्रक जनुकं असतात. त्यांचं काम एवढंच की इतर जनुकांच्या सुरुवातीच्या जागेवर जाऊन बसायचं आणि त्यांना चालू किंवा बंद करायचं. भिंत जाड करण्याच्या कामावर नॅक आणि एमवायबी या दोन कुळांतली नियंत्रक जनुकं आहेत. कापसाच्या तंतूतलं त्यांतलं एक, एफएसएन-१, चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तपशिलात मांडलं. झाडात त्याचा जोर वाढवला तेव्हा भिंत जाड झाली, पण तंतू आखूड राहिले. पेशीपाशी दिवस मोजके असतात. लिंपण लवकर सुरू झालं तर ताणायला कमी वेळ उरतो. गिरणीला लांब आणि मजबूत, दोन्ही हवं असतं. पैदासकार शंभर वर्षं या दोहोंत ओढाताण करत आला, त्याचं मूळ या एका बदलाच्या तारखेत आहे.

आणि आता पात्यात जाऊ.

कापसाच्या एका फुलात मधल्या दांड्याभोवती शंभराच्या आसपास परागकोश असतात. प्रत्येक कोशाची भिंत काही थरांची असते. सर्वांत आतला थर, टॅपीटम, वाढणाऱ्या परागकणांना खाऊ घालतो. परागकण सुरुवातीला चार-चारच्या जुडीत, कॅलोजच्या आवरणात बंद असतात. टॅपीटम एक विकर सोडून ते आवरण विरघळवतो, मोकळ्या झालेल्या कणांवर स्पोरोपोलेनिनचं कठीण कवच चढवण्यासाठी माल पुरवतो, आणि मग ठरल्या वेळी स्वतः मरतो. हे मरण वेळेवर यावं लागतं. लवकर मेला तर कण उपाशी, आणि वेळेवर मेलाच नाही तर त्याच्यातला माल कणांपर्यंत पोचत नाही. हा सगळा क्रम अरॅबिडॉप्सिसमध्ये एएमएस, एमएस-१ अशा नियंत्रक जनुकांच्या साखळीने चालतो, आणि साखळीतलं एकही तुटलं की पराग वांझ होतो. कापसाचा परागकण काटेरी, चिकट आणि बराच मोठा असतो, म्हणून वाऱ्यावर उडत नाही. दुसऱ्या फुलावर जायला मधमाशी हवी, नाहीतर माणसाची बोटं.

परागकण तयार झाला तरी काम संपत नाही, कोश फुटायला हवा. टॅपीटमच्या बाहेर, बाह्य सालीच्या लगेच आत, एंडोथेशियम नावाचा थर असतो. त्याच्या पेशींमध्ये कोश पिकताना भिंतीला जाड पट्ट्या पडतात. कोश वाळू लागला की पातळ भाग आकसतो, जाड पट्ट्या आकसत नाहीत. त्या ओढाताणीत कोश ठरलेल्या फटीवर उलतो आणि पराग बाहेर पडतो. या पट्ट्या पडल्या नाहीत तर आतला पराग सुदृढ असूनही बाहेर येत नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये असं एक रोप सापडलं, त्याच्यात दोष होता एमवायबी-२६ या जनुकाचा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात झोई विल्सन यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक एनएसटी-१ आणि एनएसटी-२ या नॅक कुळातल्या दोन जनुकांना चालू करतं, आणि ती दोघं मिळून कोशाच्या भिंतीला पट्ट्या पाडतात. एनएसटी-१ म्हणजे कापसाच्या तंतूतल्या एफएसएन-१ चा जवळचा भाऊबंद. बोंडात रुई जाड करणारा आणि पात्यात परागकोश फोडणारा मुकादम एकाच घराण्याचा, फरक एवढाच की कोशाच्या पट्ट्यांत लिग्निनही भरतं आणि तंतूत ते भरत नाही.

या नात्याचा वऱ्हाडाला उपयोग काय, ते पाहण्यासाठी संकरित बियाण्याकडे यावं लागतं. १९७० मध्ये सुरत इथे सी. टी. पटेल यांनी संकर-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. दोन वर्षांनी धारवाडहून बी. एच. कटारकी यांचा वरलक्ष्मी आला, आणि ऐंशीच्या दशकात अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ वऱ्हाडात घराघरांत पोचला. संकरित बियाणं करायचं तर मादी वाणाच्या प्रत्येक फुलातले परागकोश ते उमलण्याआधी काढावे लागतात. १९३४ मध्ये डोक नावाच्या अमेरिकन संशोधकाने अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट परागकोशांची नळी सोलून काढायची पद्धत सांगितली. तिच्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला तो भारतात. जालना आणि देऊळगाव राजाकडच्या सीड प्लॉटवर दुपारनंतर बायका पाती सोलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल घेऊन क्रॉसिंग करतात. एकेका बोंडामागे दोन वेळा हात लागतो. आपला संकरित कापूस या हातांवर उभा आहे, आणि ते हात स्वस्त आहेत म्हणून उभा आहे, हे बियाण्याच्या पिशवीवर कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून ज्या झाडात मुळातच पराग होत नाही अशा मादीचा शोध सुरू झाला. एक वाट पेशीकेंद्रातल्या जनुकांची. अमेरिकन कापूस चौगुणित आहे, ५२ गुणसूत्रांचा. त्याच्यात दोन पुरातन जातींचे पूर्ण संच एकत्र आले आहेत, आणि बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती आहेत. एक प्रत बिघडली तर दुसरी काम निभावते. म्हणून त्यात सर्वाधिक वापरलेली परागवांझ मादी दोन जनुकं एकदम बिघडलेली, एमएस-५ आणि एमएस-६. देशी कापूस २६ गुणसूत्रांचा, दुगुणित, तिथे एकच जनुक बिघडलं तरी पुरतं. अकोल्याला देशी कापसात आपोआप उपजलेला जीएके ४२३ ए हा असाच परागवांझ स्रोत, आणि हिसारचा डीएस-५ दुसरा. पण या वाटेत अडचण आहे. वांझ मादी टिकवायची तर तिला सुपीक भावाकडून पराग द्यावा लागतो, आणि तिच्या पोटची निम्मी झाडं सुपीक निघतात. फूल येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत. मग फुलं पाहून निम्मं शेत उपटायचं. शेतकऱ्याला हे पटवून देणं किती कठीण, याची कल्पना करता येते.

दुसरी वाट तंतुकणिकांची. पेशीतल्या या ऊर्जाकेंद्रांना स्वतःची थोडी जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात. १९७५ मध्ये अमेरिकेत वेस्टा मेयर यांनी मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियातल्या गॉसिपियम हार्कनेसाय या जंगली कापसाचा पेशीद्रव लागवडीच्या कापसात आणला. पेशीकेंद्र एका जातीचं आणि तंतुकणिका दुसरीच्या, दोघांचं जमेना आणि पराग होईना. अशी मादी शंभर टक्के वांझ निघते, उपटण्याचा प्रश्न नाही. पण तिच्यापासून झालेल्या संकरित झाडाला तर बोंडं लागायला हवीत, म्हणून नराकडे सुपीकता परत आणणारं जनुक हवं. अकोला विद्यापीठाने नव्वदच्या दशकात पीकेव्ही हायब्रीड-३ हा अशा पेशीद्रवी वांझ मादीवर आधारलेला संकर दिला, देशातल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक.

सुपीकता परत आणणारी ही जनुकं बहुधा पीपीआर नावाच्या प्रथिनांची निघतात. ही प्रथिनं तंतुकणिकेत जाऊन तिथल्या संदेशांची काटछाट करतात. २०१६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी कापसाच्या एका जुन्या उत्परिवर्तनाचा उलगडा केला. त्याच्या तंतूची भिंत जाडच होत नाही, तंतू कायम कच्चा राहतो. दोष सापडला तो याच पीपीआर कुळातल्या, तंतुकणिकेत जाणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात. त्यातली २२ अक्षरं गळालेली होती. भिंत लिंपणाऱ्या तंतूला आणि पराग पोसणाऱ्या टॅपीटमला ऊर्जेची भूक मोठी. तंतुकणिकेत थोडा बिघाड झाला तर पान, मूळ, खोड तो सोसून नेतात. ही दोन कामं मात्र अडतात. म्हणून रुईचा दोष आणि परागाचा दोष वरून कितीही वेगळे दिसले तरी एकाच प्रकारच्या प्रथिनांपाशी जाऊन पोचतात.

इतकं कळूनही सीड प्लॉटवरचं नखाचं काम संपलं नाही. हार्कनेसायच्या संकरात कडक उन्हाच्या दिवसांत सुपीकता पुरती परतत नाही. शिवाय पेशीद्रवी वांझपणा वापरायचा तर प्रत्येक मादी वाणात तो सहा-सात पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करून भरावा लागतो आणि प्रत्येक नरात सुपीकतेचं जनुक आणावं लागतं. बाजारात संकरित वाणाचं नाव दर दोन-चार वर्षांनी बदलतं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तीही संकरित वाणांच्याच रूपात, आणि त्यानंतर वाणांची गर्दी आणखी वाढली. कंपनीला एवढा धीर परवडत नाही, सोलणाऱ्या बाईची मजुरी परवडते.